भाकीत, निमित्त आणि अंदाज

इंग्रजीत भविष्य सांगण्याचं एकच क्रियापद नाही. 'प्रॉफेसाय' आहे, 'प्रेडिक्ट' आहे, 'फोरटेल' आहे आणि रोज टीव्हीवर, मोबाईलवर दिसणारं 'फोरकास्ट' आहे. शाळेत आपण या सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहिला : भविष्य सांगणे. परीक्षेपुरतं ते चालून गेलं. पण या शब्दांत फरक आहे, आणि त्या फरकापायी इतिहासात माणसं जगली आहेत, मेलीही आहेत. म्हणून हा विषय.

'प्रॉफेसाय' हे ईश्वराच्या वतीने बोलणाऱ्याचं क्रियापद. नाम 'प्रॉफेसी', शेवटी 'सी' ऐकू येतं. क्रियापद झालं की 'साय'. स्पेलिंगमध्येही एका अक्षराचा फरक, आणि भले भले तिथे चुकतात. हे बोलणारा 'मला वाटतं' असं म्हणत नाही. त्याला कोणी तरी सांगितलेलं असतं. 'प्रेडिक्ट'चा लॅटिन अर्थ साधा, आधी सांगणे. ते ज्योतिषीही वापरतो आणि शास्त्रज्ञही. ग्रहण कधी लागेल हे 'प्रेडिक्ट' करता येतं, कारण तिथे गणित पक्कं आहे. 'फोरटेल'ही तसंच, पण जरा जुन्या कथेतलं. 'फोरकास्ट' मात्र वेगळं. 'कास्ट' म्हणजे फेकणे. पुढे फेकणे. शब्द काही शतकं जुना, आणि त्याचा मूळचा वापर भविष्य सांगण्याचा नव्हताच. आधीपासून योजना करणे, तजवीज करणे असा होता. शहाणी गृहिणी पावसाळ्याआधी लाकूडफाटा, धान्य, पापड-कुरडया भरून ठेवते, ते जुन्या अर्थाने 'फोरकास्ट'.

हा शब्द हवामानाला चिकटवला तो रॉबर्ट फिट्झरॉय या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने. चार्ल्स डार्विनला घेऊन जगप्रवास केलेल्या 'बीगल' जहाजाचा हा कप्तान. १८५४ साली त्याच्याकडे इंग्लंडच्या नव्या हवामान खात्याची जबाबदारी आली. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वादळात किनाऱ्यावर आपटून फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं बुडाली. वादळ येतंय हे तारेने बंदरांना आधी कळवता आलं असतं, हे फिट्झरॉयच्या मनाने घेतलं. १८६१ साली त्याने बंदरांना इशारे द्यायला सुरुवात केली आणि १ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याच्या खात्याचा रोजचा हवामानाचा मजकूर छापून येऊ लागला. त्याला नाव काय द्यायचं? हे भाकीत नव्हे, भविष्यवाणी नव्हे, हे त्याने आपल्या पुस्तकात स्पष्ट केलं. निरीक्षण आणि हिशेब यांवरून बांधलेलं मत, म्हणून 'फोरकास्ट'. लोकांनी मात्र ते भविष्यच समजून वाचलं. चुकलं की चेष्टा. शास्त्रज्ञ मंडळीही नाराज. १८६५ साली फिट्झरॉयने स्वतःचा जीव घेतला. त्याला इतरही दुःखं होती, पण हेही एक होतं. पुढच्या वर्षी ते छापणंच बंद केलं गेलं आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झालं.

आता आपली मराठी. फोरकास्टला आपण म्हणतो 'अंदाज'. हा शब्द फारसीतून आला, आणि त्या भाषेत त्याच्या मुळाशी क्रियापद आहे तेही फेकणे याच अर्थाचं! पटत नसेल तर 'तिरंदाज' आठवा, तीर फेकणारा. 'गोलंदाज' आठवा, गोळा फेकणारा. तोच हा 'अंदाज'. इंग्रजीतला 'कास्ट' आणि फारसीतला 'अंदाज' यांचं काही नातं नाही. पण दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली, की न दिसणाऱ्या जागी नेम धरून फेकायचं. तीर लागेलच असं नाही, पण डोळे मिटून फेकलेला नसतो. मराठीने त्यावर आपली टोपीही चढवली. 'बावीस पंचे दाहोदरसे' हा पाढा. बावीस गुणिले पाच, एकशे दहा. त्यातला आकडा काढून 'अंदाज' घातला की 'अंदाजपंचे दाहोदरसे'. गुणाकाराचा थाट आहे, पण आकडाच नाही! नेम धरलेला अंदाज आणि अंदाजपंचे यांतला फरक आपल्या आज्यांना कुणी इंग्रजीतून शिकवला नव्हता.

'भाकीत' हा शब्द याच्या उलट बाजूचा. जुन्या मराठीत 'भाक' म्हणजे वचन, शब्द देणे. 'करुणा भाकणे' अजून आपण म्हणतो. भाकणे म्हणजे बोलणे, पण वजन ठेवून बोलणे. म्हणून भाकीत करणारा एका अर्थी शब्द देतो आणि ऐकणारा तो शब्द धरून बसतो. वर्तमानपत्रं कधी 'हवामान खात्याचं भाकीत' लिहितात, कधी 'अंदाज वर्तवला' लिहितात. दोन्ही एकच समजून लिहितात. तसं ते नाही.

आपल्या परंपरेत या सगळ्याला एक स्वतंत्र शब्द आहे : निमित्त. निमित्तशास्त्राची आठ अंगं सांगितली आहेत. आकाशातल्या खुणा, भूमीच्या खुणा, स्वप्न, स्वर, शरीराची अंगं, त्यावरचे तीळ-मस, लक्षणं वगैरे. त्यांना अष्टांगनिमित्त म्हणतात. आणि निमित्तज्ञानाचं नाव निघालं की आपल्याला आठवतात ते आचार्य भद्रबाहू.

श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या मोठ्या डोंगरासमोर चंद्रगिरी नावाची छोटी टेकडी आहे. महामस्तकाभिषेकाला गेलेल्यांनी ती पाहिली असेल; पुष्कळजण मोठा डोंगर चढून दमतात आणि छोटा राहून जातो. त्या टेकडीवर खडकात कोरलेला एक लेख आहे. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, काळ साधारण इसवी सन ६०० चा. त्यात म्हटलं आहे की अष्टांगनिमित्त जाणणाऱ्या भद्रबाहूस्वामींनी उज्जयिनीत बारा वर्षांचं कालवैषम्य ओळखून सांगितलं, आणि सगळा संघ उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाला. चालत चालत तो माणसांनी, धनधान्याने, गाई-म्हशींनी भरलेल्या प्रदेशात पोचला.

या लेखातले शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. 'दुष्काळ' हा शब्द तिथे नाही, 'कालवैषम्य' आहे, म्हणजे काळाची घडी विस्कटणं. आणि क्रियापदं कोणती? 'उपलभ्य' आणि 'कथिते'. जाणून घेतलं आणि सांगितलं. शाप दिला नाही, भीती घातली नाही, उपाय म्हणून शांती करायला सांगितली नाही. आणि लगेच तिसरं क्रियापद येतं, 'प्रस्थितः', निघाला. सांगणं आणि निघणं यांच्यामध्ये एक शब्दही वाया घालवलेला नाही.

इतिहास म्हणून मात्र इथे सावध राहायला हवं. ज्या काळाबद्दल हा लेख बोलतो, तो चंद्रगुप्त मौर्याचा काळ म्हणजे इसवी सनापूर्वी तीनशेच्या आसपासचा. लेख कोरला गेला त्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी. तो मुळात प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांच्या समाधीचा लेख आहे. हे प्रभाचंद्र म्हणजेच दीक्षा घेतलेला चंद्रगुप्त, अशी आपली परंपरा. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. हरिषेणांच्या 'बृहत्कथाकोशा'त, म्हणजे इसवी सन ९३१ मध्ये, गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे पाळण्यातलं लहान मूल भद्रबाहूंना निघून जायला सांगतं, त्यावरून ते बारा वर्षांचा दुष्काळ ओळखतात. संघाला ते दक्षिणेकडे पाठवतात आणि स्वतः मात्र मागे राहतात. श्वेतांबर परंपरेत भद्रबाहू त्या काळात नेपाळात होते. वडोदऱ्यात तर दोन्ही परंपरांची घरं एका सोसायटीत राहतात, त्यामुळे हे मतभेद आपल्याला नवे नाहीत. तपशील वेगवेगळे, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे : दुष्काळ पडला आणि संघाची घडी बदलली. भाकीत लिहून ठेवलं गेलं ते ते खरं झाल्यानंतर. जगातली बहुतेक प्रसिद्ध भाकितं अशीच मागाहून लिहिलेली असतात. जी खोटी ठरली ती कोण कोरून ठेवणार?

याच निमित्तज्ञानाबद्दल आपल्या शास्त्रांनी दुसरी एक गोष्ट सांगितली आहे, ती चौका लावणाऱ्या बायकांना तरी ठाऊक असावी. मुनींच्या आहाराचे जे छेचाळीस दोष सांगितले आहेत, त्यांतले सोळा उत्पादन दोष. ते देणाऱ्याचे नव्हेत, घेणाऱ्या साधूचे. त्यात धात्री आहे, दूत आहे आणि 'निमित्त' हाही एक आहे. म्हणजे गृहस्थाला खुणा वाचून भविष्य सांगायचं, त्याला खूश करायचं आणि त्यावर आहार मिळवायचा, हा दोष. 'मूलाचारा'त हे आहे. श्वेतांबरांच्या पिंडदोषांतही आहे, आणि 'दशवैकालिक' तर साधूने गृहस्थाला नक्षत्र, स्वप्न, निमित्त सांगूच नये असं बजावतं. म्हणजे ज्ञान नाकारलं नाही, त्याचा धंदा नाकारला. भद्रबाहूंनी सांगितलं ते संघाचा जीव आणि चारित्र्य वाचावं म्हणून, जेवणाच्या बदल्यात नव्हे. आपल्या गुजरातचे श्रीमद् राजचंद्र तरुणपणी ज्योतिष शिकले होते, शतावधानाचे प्रयोग करून मुंबईत नावाजले होते. दोन्ही त्यांनी सोडून दिलं. आत्म्याच्या वाटेत ते आडवं येतं म्हणून.

राजेलोकांचं मात्र भविष्यावाचून चालत नसे. आपल्या वडोदऱ्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ गजानन कृ. श्रीगोंदेकरांनी संपादित करून काढला. पहिला भाग १९२५ साली निघाला. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा हा ग्रंथ. राजाने स्वारीला निघण्याआधी कोणते शकुन पाहावेत, हेही त्यात आहे. पण स्वारीचे शकुन राजाने पाहिले तरी पाऊस कधी कोणी हुकुमात ठेवला? त्याचीच गोष्ट आता.

हिंदुस्थानात सरकारी हवामान खातं निघालं १८७५ साली. त्याआधी १८६४ चं कलकत्त्याचं वादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ होऊन गेला होता. त्यानंतर लगेच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. हेन्री ब्लॅनफर्ड हा खात्याचा पहिला प्रमुख. हिमालयात बर्फ जास्त पडलं की पुढचा पावसाळा कमी, असं त्याच्या लक्षात आलं आणि त्यावरून १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज दरवर्षी रीतसर निघू लागला. त्याच्यानंतर जॉन एलियट आला. त्याने अंदाज अधिक विस्ताराने द्यायला सुरुवात केली. आणि १८९९ साली त्याच्या खात्याने सांगितलं की यंदा पाऊस नेहमीपेक्षा जास्त होईल.

ते साल म्हणजे विक्रम संवत १९५६. गुजरातेत त्याला अजून 'छप्पनियो' म्हणतात. वेगळं काही सांगावं लागत नाही. जुन्या माणसांना आकडाच पुरतो. पावसाने पाठ फिरवली. ज्या गुजरातला दुष्काळाची फारशी सवय नव्हती, तिथे विहिरी आटल्या, गुरं मेली, मग माणसं. दुष्काळामागोमाग पटकी आली. वडोदरा संस्थानाची १८९१ ची शिरगणती होती २४,१५,३९६. १९०१ ला ती १९,५२,६९२ झाली. दहा वर्षांत वाढायला हवी ती लोकसंख्या ४,६२,७०४ ने घटली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक नाहीसा. त्यात मेलेले होते, परागंदा झालेलेही होते. सयाजीराव महाराजांनी संस्थानात फिरून परिस्थिती पाहिली आणि त्यावर आपली टिपणंही लिहिली, ती पुस्तकरूपाने छापली गेली.

एलियटच्या खात्याने दुष्काळ आणला नाही, हे उघड आहे. पाऊस कोणाच्या सांगण्याने पडत नाही आणि थांबतही नाही. पण 'जास्त पाऊस' असं छापून आल्यावर सरकार काय, सावकार काय, शेतकरी काय, कोणाच्या मनात तजवीज येईल? चुकीचा अंदाज आकाशाचं काही बिघडवत नाही, कोठारांचं बिघडवतो. अंदाज चुकला याहून जास्त घातक हे, की तो भाकिताच्या आवाजात सांगितला आणि भाकितासारखा ऐकला गेला. 'चुकू शकतं' हे त्यात कोणी मोठ्याने म्हटलं नाही.

वर्तमानपत्रांनी खात्यावर टीकेची झोड उठवली. त्यावर सरकारने काय केलं असेल? पुढे काही वर्षं पावसाळ्याचा अंदाज गुप्त ठेवला! फक्त सरकारी अधिकाऱ्यांनी वाचायचा. फिट्झरॉयच्या बाबतीत इंग्लंडात जे झालं तेच इथे. चूक निघाली की बोलणंच बंद. म्हणजे ज्याच्या शेतावर पाऊस पडायचा त्यालाच ठाऊक नको.

१९०४ साली खात्यावर गिल्बर्ट वॉकर आला. हा केंब्रिजचा गणिती. त्याने हवामानाच्या सिद्धान्तापेक्षा आकड्यांवर भर दिला. जगभरच्या ठिकाणांचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे गोळा करून एकाचा दुसऱ्याशी काय संबंध लागतो ते कारकुनांकडून वर्षानुवर्षं तपासून घेतलं. त्यातून त्याच्या हाती लागलं की प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब आणि हिंदी महासागराकडचा दाब झोपाळ्यासारखे वरखाली होतात. एकीकडे चढला की दुसरीकडे उतरतो. आज आपण 'एल निनो' म्हणतो ना, त्याचीच ही दुसरी बाजू. छप्पनियोच्या दुष्काळाचं कारण वडोदऱ्याच्या आकाशात नव्हतं, हजारो मैल दूरच्या समुद्रावर होतं, हे कळायला असा माणूस लागला. सिमल्याला असलेलं हे हवामानाचं ऑफिस १९२८ साली पुण्याला आलं. शिवाजीनगरला बसमधून जाताना कंडक्टर 'सिमला ऑफिस' ओरडतो, ते हेच. पुण्यात माहेर असलेल्या कित्येकींना ते फक्त स्टॉपचं नाव वाटतं.

आता खातं पावसाळ्याचा अंदाज टक्क्यांत देतं. दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सामान्य. शिवाय आकड्यासोबत किती टक्के कमीजास्त होऊ शकतं हेही सांगितलेलं असतं. हे 'कमीजास्त' आपण वाचत नाही आणि बातम्यांतही ते गळून पडतं. खरं म्हणजे सगळ्या विधानातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच. आपल्या स्वाध्यायात 'स्यात्' शब्द येतो. काही बायका त्याचा अर्थ 'कदाचित' असा करतात, तो बरोबर नाही. 'स्यात्' म्हणजे 'अमुक एका अपेक्षेने'. कोणत्या बाजूने बोलतोय ते सांगून मग ठाम बोलणं. हवामानवाल्यांचं 'इतके टक्के, अमुक इतकं कमीजास्त' हे त्याच शिस्तीतलं बोलणं आहे. ते गुळमुळीत नव्हे. किती माहीत आहे आणि कुठपासून माहीत नाही, याची त्यांनी स्वतः आखलेली रेघ आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पर्युषण तोंडावर असताना विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २५ फुटांची. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आजव्याचं पाणी, वरच्या भागातला पाऊस, नदीच्या पात्रात वाढलेली वस्ती, सगळं एकदम अंगावर आलं. रस्त्यांवर मगरी आल्या. तळमजल्यांवरची घरं दिवसच्या दिवस पाण्यात होती. गुजरातेत अतिवृष्टीचा इशारा त्याआधी दिला गेला होता, तो मोबाईलवरही फिरत होता. पण ज्या घरात कोणी तरी, आणि ते 'कोणी तरी' बहुधा बाईच असते, आदल्या संध्याकाळी पिठाचे डबे माळ्यावर चढवले, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधली, सासूबाईंची औषधं पिशवीत काढून ठेवली, तिथेच त्या इशाऱ्याचा उपयोग झाला. बाकीच्या घरांत ती एक बातमी होती. भद्रबाहूंचं निमित्तज्ञानही त्या दिवशी कोणी उठून चालायला लागलं नसतं तर बातमीच राहिलं असतं.

आपल्याकडे अजून बायकांच्या पदरात भविष्याचा धंदा पुष्कळ पडतो. मुलीचं लग्न लांबलं, सुनेला मूल नाही, मुलाचा व्हिसा अडकला, की कोणी तरी पत्ता देतं आणि आपण पर्समध्ये पाचशेच्या नोटा घालून जातो. तिथे काय बोललं जातं ते क्रियापद ओळखून ऐकावं. समोरचा 'होणारच' म्हणतो का? कशावरून ते सांगतो का? चुकलं तर काय, हे सांगतो का? आणि त्याचं सांगणं ऐकून आपल्या हाती करण्यासारखं काही उरतं, की नुसती भीती आणि पावती उरते? साधूला जेवणाच्या बदल्यात निमित्त सांगायला ज्या शास्त्राने मनाई केली, ते शास्त्र पैसे मोजून ऐकणाऱ्यालाही काही सांगतंच असेल.

भविष्य आपल्याला कळणार नाही. ते केवलज्ञानाचं क्षेत्र. आपल्या वाट्याला अंदाज आहे, म्हणजे नेम धरून फेकणं, आणि त्यानंतर उठून कामाला लागणं. 'फोरकास्ट'चा जुना अर्थ तोच होता. इंग्रजीतून तो आता गेला आहे. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकांकडे तो अजून आहे.